राजगड पायऱ्यापायऱ्यांचा का दिसतो? सह्याद्रीचा डोंगर समजून घेताना

जुलै 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले एकत्र दाखल झाले. आनंद सगळ्यांनाच झाला. त्या आनंदात एका शब्दाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. यादीत नोंद झाली ती 'मराठा लष्करी भूदृश्यं' अशी. भूदृश्य म्हणजे जमिनीचा चेहरामोहरा: तिचे कडे, सपाट्या, खिंडी, ओढे. म्हणजे जगाने मान दिला तो तटाबुरुजांना आणि त्यांच्या खालच्या डोंगरालाही.

तट कुणी बांधला हे आपण चौथीत शिकलो. डोंगर कसा झाला हे फार कमी जणांना ठाऊक असतं. गडावर भेटणाऱ्या दहा जणांना विचारलं तर आठ जण 'ज्वालामुखीने' म्हणतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. राहिलेलं अर्धं कळलं की गडाच्या टाक्यात पाणी का टिकतं, हे कळतं. पावसाळ्यात एखाद्या वाडीवर दरड का येते, हेही त्यातूनच कळतं. म्हणून हा लेख. उदाहरणाला राजगड घेऊ, कारण सह्याद्रीच्या डोंगराचे बहुतेक सगळे अवयव त्याच्याकडे आहेत.

आधी अवयवांची नावं

गुंजवणे गावातून राजगडाकडे नीट पाहिलं तर डोंगर एकसारखा चढत जात नाही. खाली शेतं आणि झाडी असलेला उतार. मग एक उभा कातळ. त्यावर परत सपाटी, तीच पद्मावती माची. माचीच्या मध्यातून पुन्हा एक उभा कडा उठतो आणि त्याच्या डोक्यावर बालेकिल्ला. उतार, कडा, सपाटी, कडा, सपाटी, असा जिनाच.

या पायऱ्यांना मावळातल्या माणसांनी फार पूर्वीच नावं दिली. डोंगराच्या कमरेला लुगड्याच्या काठासारखी जी रुंद, थोडी उतरती जागा असते तो पदर. कड्यावरची अरुंद, लांबट सपाटी ती माची. डोंगरातून खाली उतरत जाणारी लांब रांग ती सोंड किंवा धार. दोन डोंगरांमधला खोलगट भाग खिंड, कड्यातली पाण्याची उभी चीर घळ किंवा नाळ, आणि खडकाला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं. भूगर्भशास्त्राची पुस्तकं उघडली की थक्क व्हायला होतं, कारण शास्त्रज्ञांनी खडकांचे जे भाग पाडले ते बहुतांशी याच शब्दांच्या हद्दींवर पडतात. कडा एका प्रकारच्या खडकाचा, तर माची आणि पदर दुसऱ्या प्रकारच्या.

शास्त्रज्ञांनाही हा जिना दिसलाच होता. या खडकाला ते 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

हा दगड आला कुठून?

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका अतिउष्ण जागेवरून गेला. ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. त्या उष्णतेने आपल्याकडची जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा वर आला. लाव्हा म्हणजे वितळलेला दगड. तो थंड झाल्यावर जो काळा, जड कातळ होतो त्याला बेसॉल्ट म्हणतात. घरातला पाटा-वरवंटा, देवळातला नंदी, गडाचा तट हे सगळं बहुधा बेसॉल्टचंच असतं.

लाव्हा एकदाच आला आणि थांबला, असं मात्र झालं नाही. एक लोट आला, पसरला, थिजला. काही काळ गेला आणि त्याच्यावर दुसरा लोट आला. असे कितीतरी. तव्यावर घावन घालावं, ते उतरवायच्या आत त्यावरच दुसरं घालावं, मग तिसरं, तसंच हे चाललं होतं. यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला, असं आजचं मोजमाप सांगतं. आपल्याला हा काळ प्रचंड वाटतो, पण पृथ्वीच्या वयापुढे तो पापणी लवण्याइतका आहे. आजही हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला काही ठिकाणी त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

खडकातल्या रसायनांवरून हे थर ओळखता येतात. एका डोंगरातला थर दरीपलीकडच्या डोंगरातही सापडतो. शास्त्रज्ञांनी थरांच्या गटांना नावं दिली ती आपल्याच गावांची आणि घाटांची: इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खालून वर, जुन्याकडून नव्याकडे. हे सगळे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे गंमत अशी होते की 1646 मीटर उंचीचं कळसूबाई महाबळेश्वरापेक्षा उंच असूनही त्याचा दगड महाबळेश्वरच्या दगडापेक्षा जुना आहे.

मग पायऱ्या कशा पडल्या?

घावनाचं उदाहरण थोडं पुढे नेऊ. लाव्हाचा प्रत्येक लोट आतून एकसारखा नसतो. त्याच्या मधला भाग सावकाश थंड होतो आणि घट्ट, भरीव दगड बनतो. वरचा भाग लवकर थिजतो आणि लाव्हातले वायू बाहेर पडता पडता तिथेच अडकतात. अनारशाला जाळी पडते तसा हा भाग सच्छिद्र होतो. पुढे त्या छिद्रांत पाणी झिरपून पांढरे, हिरवट स्फटिक तयार होतात. डोंगरात फिरणाऱ्या मुलांना सापडतात त्या गारगोट्या याच. सिन्नरला त्यांचं एक संग्रहालयच आहे.

दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला असेल तर आणखी एक गोष्ट होते. खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजून माती बनतो आणि वरून आलेल्या तप्त लाव्हाने ती माती विटेसारखी भाजून निघते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या कातळांच्या मधून जाणारा लाल पट्टा अनेकांनी पाहिला असेल. तोच हा. पुढच्या वेळी घाटातून जाताना तो शोधा. त्या बोटभर किंवा हातभर लाल रेघेत दोन लोटांमधली शांतता साठलेली आहे.

आता पाऊस पडू लागला. भरीव दगड सहजासहजी झिजत नाही. त्याला उभ्या भेगा असतात, तळ्यातला चिखल सुकताना पडतात तशा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. तिथे या भेगांमुळे अख्खा दगडच उभ्या खांबांच्या जुडीसारखा दिसतो. भरीव थर या भेगांवरून तुटतो तो उभाच तुटतो. म्हणून कडा. जाळीदार आणि लाल थर मात्र भुसभुशीत होऊन मागे मागे सरकतात, त्यांची माती होते, गवत उगवतं. म्हणून माची आणि पदर. राजगडावर चोर दरवाज्याच्या वाटेने चढताना शेवटी रेलिंग धरून जो कातळ चढावा लागतो, तिथे तुमचे हात एका लोटाच्या पोटावर असतात. वर पाऊल टाकून सपाटीवर आलात की तुम्ही त्याच्या पाठीवर आलेले असता.

म्हणजे हा डोंगर जमिनीतून वर आला नाही?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, त्यामुळे थोडं थांबून सांगतो. हिमालय हा दाबाने घड्या पडून वर आलेला डोंगर आहे. सतरंजी दोन्ही बाजूंनी ढकलली की मध्ये उंचवटा येतो, तसा. राजगड तसा झालेला नाही. राजगडाच्या जागी एके काळी सलग पठार होतं आणि आजूबाजूचा दगड वाहून गेल्यावर जो उरला तो राजगड. पाथरवट दगडातून मूर्ती काढतो तेव्हा तो काही जोडत नाही, नको तेवढं काढून टाकतो. नीरा, गुंजवणी, कानंदी, वेळवंडी या नद्यांनी हेच केलं.

याचा पुरावा बालेकिल्ल्यावर उभं राहून डोळ्यांनी बघता येतो. हवा स्वच्छ असेल अशा हिवाळ्यातल्या सकाळी तोरणा, सिंहगड, पुरंदर नजरेच्या टप्प्यात येतात. तोरणा 1403 मीटर. राजगड आणि पुरंदर त्याच्याच आसपास. सिंहगड थोडा कमी, तेराशेच्या वर. वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं वर आलेल्या डोंगरांचे माथे असे एका रांगेत कशाला येतील? मधल्या दऱ्या मनातल्या मनात दगडाने भरा, जुनं पठार तुमच्यासमोर उभं राहील. अर्थात मूळ पठार याहूनही उंच होतं. माथेही झिजतच आले आहेत.

पश्चिमेची गोष्ट जरा वेगळी आहे. ज्वालामुखीच्या या काळाच्या शेवटाला सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला आणि मधे समुद्र आला. पश्चिमेकडची बाजू खचली, तुटलेली कड उंच राहिली. ती कड तेव्हा किनाऱ्याजवळ असावी. कोकणातल्या नद्यांनी ती कुरतडत कुरतडत पूर्वेकडे आणली. आज आपण घाटमाथा म्हणतो ती हीच कड, आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा तिचा सगळ्यात भव्य नमुना. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री शे-सव्वाशे किलोमीटरांत समुद्र गाठते. तिथूनच निघालेली कृष्णा पूर्वेकडे वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. एकीची वाट जिन्यासारखी, दुसरीची घसरगुंडीसारखी सौम्य. त्यामुळेच कोकणच्या बाजूला भयाण कडे आहेत आणि देशाच्या बाजूला लांब सोंडा.

पण पाण्याने एवढा दगड झिजेल?

शंका रास्त आहे. पाट्याला टाकी लावायलाही छिन्नी लागते, मग पावसाने किलोमीटरभर दगड कसा जाईल? इथे नुसता हिशेब करून पाहू. समजा, डोंगर वर्षाला मिलिमीटरचा पन्नासावा भाग झिजतो. हा आकडा मी सोयीसाठी धरला आहे. माणसाच्या आयुष्यात ही झीज दीड मिलिमीटरच्या आसपास होईल, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही. साडेसहा कोटी वर्षांत मात्र तेवढ्यानेच तेराशे मीटर दगड जाईल. शिवाय महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत, आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत.

गेलेला दगड गेला कुठे, हेही सांगता येतं. राजगडावरून निघालेलं पाणी नीरेत जातं, नीरा-नरसिंहपूर या गावी ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. त्या काठच्या मळ्यांत जी काळी कसदार माती आहे तिच्यात या डोंगरांचा वाटा आहे. बाकीचा गाळ पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचला.

ज्वालामुखी होता, तर त्याचं तोंड कुठे आहे?

कुठला तरी सुळका दाखवून 'हेच ज्वालामुखीचं तोंड' असं सांगणारे भेटतात. कुणी लोणारचं सरोवर दाखवतं. लोणार हे उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, ज्वालामुखीचं नाही. आपल्याकडचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांमधून आला. दूध उतू जाताना एका बिंदूतून येत नाही, पातेल्याच्या काठाकाठाने येतं. भेगांमधून आलेला पातळ लाव्हा दूरवर पसरतो, शंकूच्या आकाराचा डोंगर रचत बसत नाही.

त्या भेगा मात्र आजही सापडतात. शेवटचा लाव्हा भेगेतच थिजला की दगडात दगडाची उभी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. आजूबाजूच्या खडकापेक्षा ती टणक असेल तर झिजेनंतर बांधल्यासारखी उभी राहते. लोक तिला पांडवांनी किंवा राक्षसांनी घातलेला बांध मानतात, आणि खरोखरच ती बांधल्यासारखीच दिसते. ती कच्ची असेल तर उलटं होतं. पाणी तिलाच आधी खातं आणि कड्यात उभी चीर पडते. सह्याद्रीतल्या अनेक नाळा अशा कमकुवत रेषांवर आहेत, मग ती रेषा डाइकची असो वा साध्या भेगेची. घाटमाथ्यावरून कोकणात उतरायच्या जुन्या वाटा याच नाळांनी जातात. वाट माणसाने शोधली, पण ती आधी पाण्याने पाडून ठेवली होती.

नेढ्याचं रहस्यही फार निराळं नाही. सुवेळा माचीच्या वाटेवर राजगडाला नेढं आहे, तसंच रतनगडाला आणि इर्शाळगडालाही. धार झिजत झिजत इतकी अरुंद होते की तिच्यातला कच्चा भाग दोन्ही बाजूंनी पोखरला जातो आणि एके दिवशी आरपार उजेड दिसतो. वरचा पक्का दगड तेवढा कमानीसारखा राहतो. नेढ्यात बसून वारा खाताना हे आठवलं की मला त्या कमानीबद्दल माया वाटते. ती कायमची नाही.

एवढ्या उंचीवर पाणी कसं?

राजगड पंचवीसहून अधिक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. राजधानी चालवायची तर पाणी हवं, आणि ओढा तर खाली दरीत. उत्तर पुन्हा थरांतच आहे. भरीव कातळाला भेगा असतात, त्यातून पाणी निसटतं. जाळीदार थरातली छिद्रं मात्र गारगोट्यांनी भरून गेलेली असतात आणि त्याला भेगा कमी असतात, त्यामुळे त्यात खोदलेलं टाकं गळत नाही. दिसायला कच्चा वाटणारा हा दगड पाणी धरायला पक्का असतो. आपल्या पूर्वजांनी भूगर्भशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं, पण टाकं कुठे खोदायचं आणि कुठे नाही हे त्यांना नेमकं कळत होतं. टाक्यातून निघालेला दगड तटाला लागला. एकाच घावात दोन कामं.

जे पाणी कातळाच्या भेगांतून खाली जातं तेही वाया जात नाही. उतरता उतरता त्याला भाजलेल्या मातीचा तो लाल थर किंवा असाच एखादा चिकट थर आडवा येतो. खाली जायची वाट बंद होते, मग पाणी आडवं सरकून डोंगराच्या अंगातून झऱ्याने बाहेर पडतं. हे झरे बहुतेक कड्याच्या तळाशी, पदराच्या वरच्या अंगाला असतात.

आणि म्हणूनच वाड्याही तिथेच

पदरावर सपाट जागा आहे, कड्यावरून कुजून आलेली जाड माती आहे, बारमाही झरा आहे, वाऱ्यापासून आडोसा आहे. ठाकर, महादेव कोळी, धनगर यांच्या वाड्या शतकानुशतकं अशा जागी वसल्या यात नवल काहीच नाही. जागा शहाणपणानेच निवडलेली होती.

पण माती, झरा आणि उतार या तिन्ही गोष्टी अतिवृष्टीत मिळून वाडीच्याच विरोधात जातात. पदरावरची माती म्हणजे कातळाच्या उतरत्या पाठीवर ठेवलेलं ओझं. दोन-तीन दिवस सलग मुसळधार पाऊस झाला की ती वरून भिजतेच, शिवाय खालूनही झऱ्याचं पाणी तिच्यात शिरतं. ओझं वाढतं आणि पकड सुटते. वाळत घातलेली घोंगडी भिजून जड झाली की दोरीवरून आपोआप घसरते, तसं. दरडीखाली गाडल्या गेलेल्या वस्त्या आठवा: माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या, तोवर जमीन पुरती भिजलेली असते. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी लक्षात आलं ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. इर्शाळवाडी रात्री गेली, ढिगाऱ्याखालच्या अनेकांचे देह शेवटपर्यंत मिळालेच नाहीत.

'निसर्गाचा कोप, आपण काय करणार' असं म्हणणारे आहेत, तसे 'सगळं माणसाने केलं' म्हणणारेही आहेत. डोंगराची रचना पाहिली तर दोघांचंही अपुरं वाटतं. रस्ते नव्हते, यंत्रं नव्हती तेव्हाही दरडी कोसळत होत्या. अख्खा सह्याद्री अशा कोसळण्यातूनच घडला आहे. पण उताराचा पायथा रस्त्यासाठी कापला, सपाटीकरणाला यंत्र लावलं, ओढ्याची वाट बुजवली की शंभर वर्षांनी जे झालं असतं ते यंदाच होऊ शकतं. सुपातल्या धान्याच्या राशीतून खालची मूठ काढली की वरचं ओघळतं, तेच इथे.

'एवढी वर्षं आमच्या वाडीला काही झालं नाही' हे तर सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण माती सतत साठत असते. वरच्या कड्यातून दर पावसाळ्यात थोडी भर पडतेच. शंभर वर्षं टिकलेला उतार शंभराव्या वर्षी पहिल्या वर्षाइतकाच सुरक्षित असतो, असं धरून चालता येत नाही.

डोंगर आधी सांगतो, तेही बऱ्याचदा. नेहमीचा नितळ झरा एकाएकी गढूळ येतो, किंवा भर पावसात आटतो. नवीन जागी पाणी फुटतं. वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला धनुष्यासारखी वाकडी भेग पडते. झाडं आणि विजेचे खांब खालच्या बाजूला कलतात, घराची दारं चौकटीत अडकू लागतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर दोरीने मोजता येतं. दोन दिवसांत ते वाढलं तर रात्र घरात काढू नये, आणि तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवावं. दोरी आणि दोन खुंट्या कुठल्याही वाडीत असतात, आणि भेग कुठे बघायची हे शाळेतल्या पोरांनाही दाखवून देता येतं.